टाइप-सी आहे तरी चार्ज कामून होत नाही? बिघाड नेमका कुठंय ते कसं शोधायचं

"भैय्या, पिन तर बराबर बसायली, टाइप-सीच आहे, मग चार्ज कामून होत नाही?" हा प्रश्न आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर येतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "होतंय पण लई हळू व्हायलंय, रातभर लावलं तरी सकाळी अर्धवटच". लातूरला गंजगोलाईत बाजाराला आलेली माणसं जाता जाता फोन दाखवून जातात, पण अडॅप्टर आणि केबल तिकडं औशाला नाहीतर रेणापूरला घरी बोर्डात खोचलेली असते आणि बऱ्याचदा बिघाड फोनमध्ये नसून तिथंच असतो. मग आम्ही आमची केबल लावतो, फोन मस्त चार्ज होतो, गिऱ्हाईकाला वाटतं आम्ही काहीतरी केलं, आणि घरी गेलं की परत तेच रडगाणं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवायलोय, पुढं कुणी विचारलं की हेच पाठवणार.

पहिली गोष्ट, आपण ज्याला चार्जर म्हणतो ती एक वस्तू नाही, अडॅप्टर वेगळा, केबल वेगळी, आणि तिसरं फोनचं भोक ज्याला आम्ही जॅक म्हणतो. तिन्ही एकदम बदलून बघितलं तर काहीच कळत नाही. अडॅप्टर आपलाच ठेवा, फक्त केबल शेजारच्याची मागून लावा. नाही जमलं तर आपली केबल परत लावा आणि फक्त अडॅप्टर बदला. तरी नाही तर त्याच अडॅप्टर-केबलवर घरातला दुसरा फोन लावून बघा, तो चार्ज झाला म्हणजे मग गडबड आपल्या फोनमध्ये. पाच मिनिटाचं काम आहे पण लोक ते न करता डायरेक्ट "जॅक बदला" म्हणून येतात. आणि बोर्डातला प्लग ढिला आहे का तेही बघा, प्लग तिरका करून, खाली कागदाची घडी खोचून चार्ज करायलेत म्हणजे फोनला नाही, वायरमनला बोलवा.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार. नेकबँड, ट्रिमर, चार्जिंगची बॅटरी, हातातला छोटा फॅन, काही बटणाचे फोनसुद्धा. ह्यांना भोक टाइप-सीचं असतं, तुम्ही नवा अडॅप्टर घेता ज्याच्या केबलला दोन्हीकडं सी आहे, पिन लावता आणि काहीच नाही, लाइट पण लागत नाही, आणि तोच नेकबँड जुन्या चपट्या यूएसबीवाल्या अडॅप्टरवर लावला की लगेच लाल लाइट. माणूस म्हणतो नवा अडॅप्टर खराब निघाला, जाऊन दुकानदाराशी भांडतो, दुकानदाराला पण माहीत नसतं, तो बदलून देतो, दुसरा पण तसाच. अडॅप्टर खराब नसतो, तो नियमानं वागायलाय.

जुना चपटा यूएसबी म्हणजे टाइप-ए. तो बोर्डात लावला की त्याच्या तोंडाशी ५ व्होल्ट कायम असतात, समोर काय लावलंय ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सी अडॅप्टर तसा नसतो, तो आधी तपासतो की समोर खरंच चार्ज होणारी वस्तू आहे का. हे त्याला कळावं म्हणून वस्तूच्या आत सीसी-१ आणि सीसी-२ ह्या दोन पिनांवर प्रत्येकी ५.१ किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा बारीक तुकडा, लागतो. तो दिसला की अडॅप्टर ५ व्होल्ट सोडतो, नाही दिसला की गप्प बसतो. रेझिस्टर म्हणजे अगदी किरकोळ माल, पण स्वस्तातली वस्तू बनवणारे तेवढा पण वाचवतात, भोक नव्या फॅशनचं लावतात आणि आतला कारभार जुनाच. काहींमध्ये दोनपैकी एकाच पिनवर रेझिस्टर असतो, मग पिन एका बाजूनं लावली की चार्ज होतं आणि उलटी लावली की बंद. मोठ्या मोठ्यांचं पण चुकतं बरं का, २०१९ ला रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात दोन्ही पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता आणि काही चांगल्या महागड्या केबलवर तो चालूच होत नव्हता, नंतरच्या बोर्डात त्यांनी सुधारलं.

ह्यावर उपाय सोपा आहे, एका बाजूला चपटी यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला सी अशी एक केबल आणि एक जुना अडॅप्टर घरात राहू द्या, भंगारात देऊ नका. जुना अडॅप्टर नसलाच तर ओटीजीचं छोटं कनेक्टर असतं ना, पेनड्राइव्ह फोनला जोडायचं, ते नव्या सी अडॅप्टरमध्ये खोचा आणि त्याच्यात चपटी यूएसबीची केबल लावा. नीट बनवलेल्या ओटीजीत तो ५.१ वाला रेझिस्टर असतो, अडॅप्टरला तो दिसतो आणि ५ व्होल्ट यायला लागतात. नेकबँडला तेवढेच पाहिजेत. कुणी म्हणेल नेकबँड उघडून रेझिस्टर टाकून द्या, टाकता येतो पण त्या बोर्डावर जागा असली तर, आणि मजुरी नेकबँडच्या किमतीशी बरोबरी करते.

दुसरा मोठा प्रकार म्हणजे हळू चार्जिंग. इथं मला जरा मागं जावं लागेल, कारण घराघरातल्या डब्यात जुन्या वायरींचा जो गुंता असतो त्यातली प्रत्येक वायर कुठल्यातरी जमान्यातली आहे. नोकियाची जाड पिन, मग नोकियाचीच बारीक पिन, सोनी एरिक्सनची चपटी आकडेवाली, सॅमसंगची वेगळी. त्या काळात बसस्टँडवर एका वायरला सात-आठ तोंडं असलेले चार्जर मिळायचे, तेच लोकांचं युनिव्हर्सल. २००९ ला युरोपात आधी १० आणि नंतर मिळून १४ कंपन्यांनी मायक्रो यूएसबीवर सह्या केल्या आणि हळूहळू सगळीकडं तीच पिन आली, फक्त ती एकाच बाजूनं बसायची आणि अंधारात लावताना हमखास उलटी. २०१४ ला टाइप-सी आली, २४ पिनांची, कशीही लावा. ॲपलनं मात्र २०१२ पासून आपली लाइटनिंग चालवली ती २०२३ ला आयफोन १५ येईपर्यंत. युरोपानं कायदाच केला, २८ डिसेंबर २०२४ पासून तिथं विकला जाणारा नवा फोन, टॅब, इयरफोन सगळं टाइप-सी, आणि लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६. आपल्याकडं नोव्हेंबर २०२२ ला सरकारनं कंपन्यांची बैठक घेतली, एकाच पिनवर सगळ्यांचं एकमत झालं, जानेवारी २०२३ ला भारतीय मानक ब्युरोनं टाइप-सीचं मानक पण जाहीर केलं.

म्हणजे पिनचा आकार एक झाला. पण फास्ट चार्जिंगची बोली एक नाही, आणि आजची निम्मी भांडणं तिथंच आहेत. फोन आणि अडॅप्टर जोडले की आधी त्यांची लग्नातल्यासारखी बैठक होते, देण्याघेण्याचं ठरतं, किती व्होल्ट, किती अँपिअर, आणि दोघांना एकमेकांची भाषा कळलीच नाही तर मग ५ व्होल्टवर साध्यात उरकतात. सगळ्यांसाठी खुली असलेली भाषा म्हणजे यूएसबी पीडी, त्यात ५, ९, १५, २० व्होल्ट अशा ठरलेल्या पायऱ्या, आणि तिच्यातच पुढं पीपीएस आलं, ज्यात फोन बारीक बारीक पायरीनं व्होल्टेज मागून घेतो. पण कंपन्यांच्या घरच्या भाषा वेगळ्या आहेत. ओप्पोचं वूक, वनप्लसचं आधी डॅश मग वार्प, रिअलमीचं डार्ट, विवोचं फ्लॅशचार्ज, शाओमीचं वेगळं. वूकसारख्यात व्होल्टेज फार न वाढवता करंट जास्त देतात, पहिलं वूक ५ व्होल्ट ४ अँपिअरच्या आसपास होतं. त्यात फोन कमी तापतो हा खरा फायदा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही, पण त्याला जाड तारेची, त्याच कंपनीची केबल आणि अडॅप्टर दोन्ही लागतात. दोन्हीपैकी एक जरी परका असला की सुपरफास्ट गेलं.

म्हणून घरात असं होतं की पोराचा ८० वॅटचा फोन, बहिणीचा सॅमसंग, सगळे टाइप-सी, आणि ज्याच्या हाताला जो अडॅप्टर लागेल तो लावतो. पोराचा अडॅप्टर बहिणीच्या सॅमसंगला लावला तर स्क्रीनवर नुसतं "चार्जिंग" येतं, "सुपर फास्ट" येत नाही. सॅमसंगचं २५ वॅट पीपीएसवर चालतं, अडॅप्टरला पीपीएस पाहिजे आणि केबल दोन्हीकडं सी पाहिजे, चपट्या यूएसबीच्या केबलवर ते कधीच येणार नाही, कितीही महाग केबल घ्या.

हिशोब बघा म्हणजे किती फरक पडतो कळेल. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे १० वॅट, मधली गळती धरून दोन-अडीच तास लागणारच, ह्यात बिघाड काही नाही. आणि कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबीला लावलं तर तिथं ५ व्होल्टला फक्त अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट, सात-आठ तासाच्या आत होणारच नाही, वर फोन चालू असला, नेट चालू असलं तर आकडा जागचा हलत पण नाही. झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरला फोन लावून "हळू व्हायलंय" म्हणणाऱ्यांसाठी हे खास.

अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचायची सवय लावा. अक्षरं बारीक असतात, दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून मोठं करा. आउटपुटच्या पुढं "५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.७७ अँपिअर" असं असतं, गुणाकार केला की वॅट, ९ गुणिले २.७७ म्हणजे २५ वॅट. "३.३ ते ११ व्होल्ट" अशी रेंज दिलेली असली तर त्यात पीपीएस आहे. नुसतंच "५ व्होल्ट १ अँपिअर" दिसलं तर तो बटणाच्या फोनचा आहे, त्याच्याकडून स्मार्टफोनला अपेक्षा ठेवू नका. खोक्यावर मोठ्या अक्षरात काय छापलंय ते सोडून द्या, अडॅप्टरवर काय छापलंय तेच खरं.

केबलचं पण तसंच. दिसायला सगळ्या सारख्या, आत तार किती जाड हे बाहेरून कळत नाही, वरचं रबर मात्र जाडजूड करून ठेवतात. आमच्याकडं छोटा यूएसबी टेस्टर असतो, फोन आणि केबलच्या मध्ये लावला की व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. रस्त्यावरच्या स्वस्त तीन मीटरच्या केबलीत दोन्ही तारांचा मिळून अर्धा ओहम रेझिस्टन्स असला आणि २ अँपिअर ओढला तर १ व्होल्ट केबलच खाऊन टाकते, अडॅप्टरनं ५ सोडले आणि फोनपर्यंत ४ आले. फोन हुशार असतो, त्याला वाटतं अडॅप्टर दमला, तो आपण होऊनच करंट कमी करतो. लांब केबल पाहिजेच असली तर चांगली घ्या नाहीतर एक मीटरवर भागवा. दोन्हीकडं सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच, ५ अँपिअरसाठी तिच्यात ई-मार्कर नावाची चिप लागते, सॅमसंगचं ४५ वॅट येत नसलं तर बऱ्याचदा कारण हेच. आणि चुकीची केबल नुसती हळू चालते असं पण नाही. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लेउंग टाइप-सी केबली तपासून त्याबद्दल लिहायचे, २०१६ ला एका केबलमध्ये प्लस आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉपच बसला.

आता फोनच्या जॅककडं. आपल्याकडं ह्याचं पहिलं कारण म्हणजे घाण, दुसरं काही नाही. सोयाबीनची मळणी चालू असली की ते भुसकट, कापूस वेचणीला गेलेल्यांच्या खिशातले कापसाचे तंतू, वरून तंबाखूची पुडी त्याच खिशात. रोज केबल खोचताना हे सगळं आत दाबत दाबत तळाशी घट्ट थर बसतो. ओळखायची खूण अशी की पिन पूर्ण आत जात नाही, बाहेर थोडी चमकत राहते, टक असं बसल्याचं जाणवत नाही, हात लावला की चार्जिंग जातं-येतं. मग फोन बंद करा, टॉर्चचा उजेड टाका, लाकडी टूथपिक घ्या, टोक जाड असलं तर ब्लेडनं थोडं तासून घ्या, आणि भोकाच्या कडेकडेनं, भिंतीला लावून, हळूच ओढून काढा. मध्ये जी पातळ पट्टी उभी आहे तिला अजिबात ढकलायचं नाही, टाइप-सीत सगळ्या पिना त्याच पट्टीवर असतात, ती मोडली की जॅक गेला. सुई नको, सेफ्टीपिन नको, मंगळसूत्राची पिन तर नकोच नको, ते पण बघितलंय. आतून जे निघतं ते बघून माणसाला विश्वास बसत नाही, चांगला बोटाच्या नखाएवढा गोळा निघतो आणि पिन टक करून बसते. जॅक बदलायला आलेला माणूस फुकटात परत जातो, आमचा धंदा बुडतो म्हणा.

पावसाळ्यात थेंबाचं चिन्ह येतं आणि फोन चार्ज घेत नाही, तो बिघाड नाही, ओल कळली म्हणून फोननं स्वतःच बंद ठेवलंय. भोक खाली करून हलकं झटका, पंख्याखाली ठेवा. तांदळात घालू नका, २०२४ ला ॲपलनं पण आपल्या मदतीच्या पानावर तेच सांगितलं, बारीक कण आत जातात. पिना हिरवट झालेल्या दिसल्या तर गंज चढलाय, ते आयपीए (साफ करायचं अल्कोहोल) आणि ब्रशचं काम, दुकानात आणा.

जुन्या आयफोनवाल्यांचं थोडं वेगळं. लाइटनिंगमध्ये पिना केबलवर उघड्या असतात, त्यातली एक काळी पडते, आणि मग एका बाजूनं चार्ज होतं, पलटी केली की नाही. फोनला काही झालेलं नसतं, केबल बदला. स्क्रीनवर "ही ॲक्सेसरी सपोर्ट करत नाही" अशा अर्थाचा मेसेज आला तर केबलमधली ओळख पटवणारी चिप नकली आहे किंवा पिना मळलेल्या आहेत, आधी पुसून बघा.

गावाकडं अजून एक धोका आहे आणि तो फोनपेक्षा मोठा, फवारणीच्या पंपाचा चार्जर. त्याची गोल पिन, आत बॅटरी १२ व्होल्टची, आणि तसल्याच गोल पिनेचं भोक जुन्या टॉर्चला, रेडिओला, राउटरला पण असतं. गोल पिना नुसत्या मापानं जुळतात, बाहेरून साडेपाच मिलिमीटर, आत २.१ किंवा २.५, पण व्होल्ट किती आणि प्लस आत का बाहेर हे वस्तूगणिक वेगळं. तिथं बैठक-बिठक काही नाही, लावलं की डायरेक्ट जातं. आबांनी पंपाचा चार्जर घेऊन टॉर्चला लावला आणि धूर निघाला असं घडलेलं आहे. टाइप-सीच्या बाबतीत ही भीती नाही, ६५ वॅटचा लॅपटॉपचा पीडी अडॅप्टर साध्या फोनला खुशाल लावा, फोन मागेल तेवढंच तो देतो, "जास्त वॅटनं फोन फुटतो" हे खोटं आहे. गोल पिनेच्या चार्जरवर मात्र नेलपॉलिशनं नाहीतर चिकटपट्टी लावून "पंप", "टॉर्च" असं मराठीत लिहून ठेवा, घरातल्या प्रत्येकाला वाचता येईल असं.

पॉवरबँकचा एक गमतीचा प्रकार राहिला. दोन्हीकडं सी असलेली केबल लावली आणि फोन चार्ज व्हायच्या ऐवजी फोनच पॉवरबँकला चार्ज करायलाय, टक्के खाली यायलेत. दोघंही देऊ शकतात आणि घेऊ शकतात, मग कोण देणार हे कधी कधी उलटं ठरतं. नोटिफिकेशनमध्ये यूएसबीवर दाबून बदलता येतं, नाहीतर केबल काढून आधी पॉवरबँकचं बटण दाबा आणि मग लावा.

काय घ्यावं असं विचारलंत तर माझं मत, घरात सगळ्यांसाठी एक चांगला पीडी-पीपीएसवाला ४५ किंवा ६५ वॅटचा अडॅप्टर, त्याला ई-मार्करवाली सी-टू-सी केबल, आणि नेकबँडसाठी वर सांगितलेला जुना जोड. ज्याचा फोन ८० वॅट, १२० वॅट असल्या घरच्या भाषेचा आहे त्यानं स्वतःचा डब्यातला जोड वेगळा ठेवावा, कुणाला उसना देऊ नये. युरोपाच्या त्या कायद्यात १५ वॅटच्या वर जाणाऱ्या फोनला पीडी पण घेता आलंच पाहिजे असं घातलंय, त्यामुळं अलीकडचे बरेच फोन साध्या पीडीवर पण बऱ्यापैकी चालतात, पूर्ण वेग नाही आला तरी. घेताना अडॅप्टरवर आयएसआयसारखी मानक ब्युरोची खूण आणि त्याखाली आर आणि आठ आकडे असतात ते बघा, बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कंपनीचं नाव येतं. अडॅप्टरवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळत नसलं तर तो ठेवून द्या, कितीही स्वस्त असला तरी. लाइट कमी-जास्त होण्याची तक्रार पण येते, चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतो त्यामुळं संध्याकाळी व्होल्टेज पडलं म्हणून चार्जिंग हळू झालं असं सहसा नसतं, पण डीपीवर काम झाल्यावर एकदम दाब वाढतो तेव्हा लोकल अडॅप्टर पहिले जातात.

एवढं सगळं करून पण नाही झालं तर दुकानात या, अडॅप्टर आणि केबल सोबत घेऊनच या. दुकानदाराला आधी टेस्टर लावून किती अँपिअर घेतोय ते दाखवायला सांगा. आकडा शून्य असला आणि जॅक हलवला की उड्या मारत असला तर जॅक नाहीतर खालचा सब-बोर्ड, म्हणजे जॅक ज्याच्यावर बसवलेला असतो तो छोटा बोर्ड, बऱ्याच फोनला तो वेगळा निघतो आणि बदलणं सोपं असतं. चांगल्या दोन केबलवर पण आकडा ठामपणे शून्यच असला तर मग मदरबोर्डकडं बघायचं. टेस्टर न लावताच कुणी "आयसी गेला", म्हणजे मदरबोर्डवरची चार्जिंगची चिप गेली, असं म्हणलं तर फोन उचला आणि दुसऱ्या दुकानात दाखवा.